परवाना, काडेचिराईत आणि घरी केलेला कडू-गोड व्हिस्की सावर

२०२४ ची दिवाळी आटोपली आणि थर्टी फर्स्टला आमच्याकडे जमायचं ठरलं. दरवर्षी जो तो आपापली बाटली घेऊन येतो, सोड्यात ओततो, फरसाण संपवतो आणि साडेबाराला घरी जातो. या वेळी मी म्हटलं, सगळ्यांना पुरेल असं एकच काहीतरी मी करते. डोक्यात कडू-गोड व्हिस्की सावर होता. पूर्वी एकदा हॉटेलात प्यायले होते, एका ग्लासाचे आठशे रुपये आणि वर कर. चव जेवढी लक्षात राहिली तेवढंच ते बिलही.

व्हिस्की सावर मुळात साधं पेय आहे. अमेरिकेत गेली दीडशेहून जास्त वर्षं लोक व्हिस्की, लिंबू आणि साखर एकत्र हलवून पीत आले आहेत. वर फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा बलक घालतात. कडू-गोड प्रकारात त्यात एखादं कडू लिक्युअर, म्हणजे वनस्पतींच्या स्वादाचं गोडसर मद्य येतं, बहुतेक वेळा इटालियन. कागदावर पाच जिन्नस. पण पुण्यात बसून, मध्यमवर्गीय घरात, सासूबाईंच्या देखत आणि कायद्यात राहून हे करायचं तर सुरुवात लिंबापासून होत नाही. होते अर्जापासून.

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. घरात, स्वतःच्या पैशांची असली तरी. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते हसण्यावारी नेतात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, नावात तेवढा ‘महाराष्ट्र’ आला आहे. गुजरातकडे हाच कायदा गेला आणि तिथे बंदी राहिली. आपल्या वाट्याला परवाना आला. तो कशासाठी द्यायचा, तर कायद्याच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी. मी ते वाचून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, “बघ, मी कधीपासून सांगतोय.”

विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजीवन हजाराला. वयाची अट बिअर आणि वाइनसाठी २१, कडक दारूसाठी २५. यातला ‘विदेशी’ हा शब्दही समजून घ्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यात भरलेली व्हिस्कीसुद्धा सरकारी कागदावर ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असते. एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देतात, निदान द्यायला हवा. मी वर्षाचा घ्यायचं ठरवलं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, शंभर रुपये. फोटो आधीच लहान आकाराचा करून ठेवा, आणि आधारवरचा पत्ता जुना असेल तर चालू पत्त्याचा दुसरा कागद हाताशी ठेवा. बाकी काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते अर्ज भरायला बसणं. शाळेत शिकवणारी बाई दारूच्या परवान्यावर स्वतःचा हसरा फोटो चिकटवते, याची मलाच गंमत आणि थोडी लाज वाटत होती. आठवड्याच्या आत परवाना हातात आला. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला.

मग निवडणूक आडवी आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणून १८ च्या संध्याकाळपासून मतदान संपेपर्यंत दुकानं बंद. २३ ला मोजणी, तो शनिवारही कोरडा. मला घाई नव्हती, पण ज्यांना समारंभाची तारीख धरून करायचं आहे त्यांनी कोरड्या दिवसांची यादी आधी बघावी. आषाढी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे लक्षात राहतात. निवडणुकीचे राहत नाहीत.

याच काळात धाकटे दीर गोव्याला निघाले होते. फोन आला, “वहिनी, तिकडून आणू का? निम्म्या भावात मिळेल.” मी नको म्हटलं. गोव्याची दारू गोव्यात स्वस्त असते कारण तिथला कर वेगळा आहे, आणि ती तशीच उचलून महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. दोन बाटल्यांसाठी भावाभावांत वर्षभराचा विषय कोण करून ठेवणार!

महिनाअखेरीला दुकानात गेले. आपल्याकडे वाइन शॉप म्हणतात त्यात वाइन सगळ्यात कमी असते. जाळीच्या खिडकीबाहेर ऑफिसमधून परतणाऱ्यांची गर्दी, आत कपाटं. बाईमाणूस आलं की गर्दी आपोआप बाजूला होते. हा मान आहे की अवघडलेपण, ते मला अजून कळलेलं नाही. आतल्या मुलाने विचारलं, “मॅडम, गिफ्टला पाहिजे का?” म्हटलं, “नाही, मलाच.” त्यानंतर मात्र तो पोरगा अतिशय मन लावून मदत करायला लागला. परवाना त्याने मागितला नाही. मी दाखवला, तर त्याने तो शेजारच्याला बोलावून दाखवला.

इथे एक उपयोगी गोष्ट. आधीच मोठी बाटली घेऊ नका. १८० मिलीची क्वार्टर मिळते, दोन-तीन वेगवेगळ्या व्हिस्कींच्या क्वार्टर आणा आणि घरी करून बघा. मी तेच केलं. या पेयासाठी पुस्तकी उत्तर बर्बन असतं. ती अमेरिकन व्हिस्की, निम्म्याहून जास्त मका असलेली, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली, त्यामुळे व्हॅनिलासारखा गोड वास येतो. पण तेव्हा आयात बर्बनवर दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. (फेब्रुवारी २०२५ मध्ये ते शंभर टक्क्यांवर आलं.) आपल्या मधल्या किमतीच्या व्हिस्कीत बऱ्याचदा उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो आणि त्यात थोडी माल्ट, म्हणजे बार्लीची व्हिस्की, मिसळलेली असते. युरोपात तिला व्हिस्की म्हणू देत नाहीत. नुसती प्यायची तर मलाही ती फारशी आवडत नाही. लिंबू, गूळ आणि कडूपणाबरोबर मात्र ती छान जुळते, कारण मळीची ती किंचित जळकी गोडी गुळाच्या घरातलीच आहे. धुरकट वासाची स्कॉच यात घालू नका. लिंबू आणि धूर एकत्र आले की औषधाच्या कपाटाचा वास येतो. शेवटी आठशे-साडेआठशे रुपयांची, ७५० मिलीची साधी बाटली पक्की केली.

आता मुख्य अडचण. कडू.

पाककृतींत सगळीकडे कॅम्पारी. हे लाल, कडू-गोड लिक्युअर गास्पारे कॅम्पारी याने इटलीत नोव्हारा इथे १८६० मध्ये तयार केलं. पूर्वी त्याचा लाल रंग किड्यांपासून काढत, ही माहिती आमच्या शाकाहारी मंडळींना सांगायची नाही असं मी ठरवलं. दुकानदार म्हणाला, “कॅम्पारी संपलीय मॅडम, नाव लिहून ठेवतो, दहा-बारा दिवसांत येईल.” किंमत विचारली. तेवढ्यात व्हिस्कीच्या तीन बाटल्या आल्या असत्या, आणि मला लागणार होती एका ग्लासाला जेमतेम चमचा-दोन चमचे. नाव लिहिलं, पण घरी येताना डोक्यात दुसरे विचार सुरू झाले.

रात्री जेवताना सहज बोलले की पेयात थोडा कडूपणा हवाय, बाहेरची बाटली महाग पडते. सासूबाई ताटातली कोशिंबीर संपवत म्हणाल्या, “कडूच हवंय ना? मग काडेचिराईत घाल की.”

“आई, मी दारूचं बोलतेय.”

“कळलं मला. काढ्यात घालतो ते पोटात जातंच ना?”

मी त्या रात्री वाचायला बसले आणि सासूबाईंपुढे हात टेकले. युरोपातल्या बहुतेक कडू मद्यांचा आणि थेंबाथेंबाने घालायच्या बिटर्सचा कणा म्हणजे जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाचं मूळ. काडेचिराईत त्याच कुळातलं, हिमालयातलं. दोघांतही अमॅरोजेन्टिन नावाचं द्रव्य असतं, आणि निसर्गातल्या अतिकडू पदार्थांत त्याची गणना होते. म्हणजे आमच्या फडताळातल्या तापाच्या काढ्याचा आणि युरोपातल्या बारमधल्या कडू बाटल्यांचा कडूपणा एकाच घराण्यातला.

दुसऱ्या शनिवारी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे नुसती पोती आणि डबे, वासाने नाक चुरचुरतं. गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, “ताप कुणाला आहे, ताई?” म्हटलं, “कुणाला नाही काका, सरबतात घालायचंय.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदात तपकिरी काड्यांची एक मूठ बांधून दिली. वीस रुपये. “काडेचिराईतच देताय ना? हिरवं किराईत नको,” असं विचारून घ्या, नावं सारखी, वनस्पती वेगळ्या. आणि हे इथेच सांगून टाकते: काडेचिराईताने रक्तातली साखर उतरते असं वैद्य मानतात, तेव्हा मधुमेहाची औषधं चालू असतील त्यांनी हा प्रयोग करू नये. आमच्यातल्या एका मित्राला मी त्याशिवायचा ग्लास केला.

नुसतं काडेचिराईत मात्र चालत नाही. त्याचा कडूपणा सरळसोट असतो, वास जवळजवळ नाही. कॅम्पारीत कडूबरोबर संत्र्याच्या सालीचा वास असतो, तो कुठून तरी आणायला हवा. डिसेंबर म्हणजे नागपूरच्या संत्र्यांचा आंबिया बहार जोरात, मंडईत सत्तर रुपये किलो. संत्र्याच्या सालीत दोन गोष्टी असतात: वरच्या केशरी पापुद्र्यात तेल, म्हणजे वास, आतल्या पांढऱ्या भागात कडूपणा. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, पांढरा भाग कमी. म्हणून मी एका मोसंबीची सालही घेतली, तिचा पांढरा भाग जाड असतो. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट होतो, हे रसवंतीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. लिमोनिन हे द्रव्य रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू तयार होतं, म्हणून. सालं वापरण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा, फळांना चकाकीसाठी मेण लावलेलं असू शकतं.

पाक असा केला. दीडशे ग्रॅम साखर, पन्नास ग्रॅम कोल्हापुरी गूळ, दोनशे मिली पाणी. साखर-गूळ विरघळला की तीन संत्र्यांची आणि अर्ध्या मोसंबीची सालं हाताने तोडून घातली, मंद आचेवर दहा मिनिटं. उकळू द्यायचं नाही, नुसतं कडेने बुडबुडे यायला हवेत. गॅस बंद करून झाकण ठेवलं आणि पूर्ण गार झाल्यावर गाळलं. सगळाच गूळ घातला तर रंग गढूळ येतो आणि किंचित खारट लागतं, म्हणून तो चौथाईच.

काडेचिराईत या पाकात उकळायचं नाही. हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे. कडू एकदा मिसळलं की काढता येत नाही, आणि गोड वाढवून ते झाकत बसलं की काकवी होते. मी वेगळं एक कप पाणी उकळून गॅस बंद केला, बोटाच्या पेराएवढ्या दोन काड्या टाकल्या आणि दहा मिनिटांनी गाळून घेतलं. पाणी फिकट चहासारखं दिसतं. चमच्याच्या टोकाने जिभेवर घेतलं तर पहिल्या क्षणी काहीच नाही. मग जिभेच्या मागून कडूपणा चढायला लागला, आणि गुळाचा खडा तोंडात टाकल्यावरही तो बराच वेळ हलला नाही. हे पाणी चमच्याने पाकात घालत गेले आणि चाखत गेले. वर सांगितलेल्या पाकाला दोन लहान चमचे पुरले. तुमच्या काड्या जुन्या असतील तर तीन लागतील.

चाखायचंही तंत्र आहे. पाक नुसता चाखून काही कळत नाही. थोडा पाक, तेवढंच लिंबू, थोडं पाणी एका वाटीत घालून बर्फावर गार करा, मग चाखा. गारव्यात गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना बरोबर वाटलेला पाक ग्लासात गेल्यावर अळणी लागतो. आणि घोट गिळल्यावर थांबा. आंबट आधी येतं, गोड त्याच्याबरोबर, कडू सगळ्यात शेवटी. शेवटचा पाहुणा दारात रेंगाळावा, पण मुक्कामाला राहू नये, तेवढाच तो असावा.

लिंबांचं सांगते. परदेशी पाककृतींत पिवळं मोठं लिंबू असतं. आपलं कागदी लिंबू त्यापेक्षा जास्त आंबट. तिकडची मापं इकडे लावली तर दात आंबतात. तिथे २५ किंवा ३० मिली लिहिलं असेल तर आपण २० घ्यायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती मिळालं तर उत्तम, रस भरपूर निघतो. लिंबू दाबून पिळू नका, साल चुरगळली की वेगळाच कडूपणा उतरतो, आणि तो आपल्याला नकोय. रस त्याच दिवशी काढा.

पेय हलवायला मी बोहरी आळीतून स्टीलचा शेकर आणला, सहाशे रुपये. त्याच्याबरोबर ३० आणि ६० मिलीचं दुतोंडी माप दीडशेला मिळत होतं, ते घेतलं नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर प्लॅस्टिकची टोपी येते, तिच्यावर ५, १० आणि १५ च्या रेघा असतात. घरात अशा टोप्यांची चळत होती. शेकरही नसेल तर घट्ट झाकणाची जॅमची बरणी चालते, फक्त काच जाड हवी.

बर्फ घरचा वापरणार असाल तर ट्रे आधी धुवा. आमच्या फ्रीजरमधल्या बर्फाला सुरमईचा वास येत होता. बाहेरून आणायचा तर पांढरा घ्या. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणं अन्न व औषध प्रशासनाने सक्तीचं केलं आहे, त्यामुळे निळसर दिसला की तो मासे ठेवण्याचा. पाच किलोची पिशवी आणली, दहा जणांना पुरून उरली.

राहिला फेस. एका अंड्याचा पांढरा बलक साधारण तीस मिली भरतो, एका ग्लासाला त्यातला अर्धा पुरे. कच्चं अंडं म्हटल्यावर साल्मोनेलाची भीती असतेच. ताजी अंडी, धुऊन, पाण्यात तळाशी आडवं बसणारंच घ्यायचं, आणि ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांना द्यायचंच नाही. लिंबात किंवा दारूत जंतू मरतात असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आमच्यात तिघं शाकाहारी. त्यांच्यासाठी काबुली चणे मीठ न घालता कुकरला लावले आणि ते पाणी तसंच रात्रभर चण्यांसकट फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी ते किंचित चिकट, दाटसर झालं होतं. याचे वीस-पंचवीस मिली घातले की फेस अंड्याइतकाच येतो. चण्याचा वास येईल अशी मला धास्ती होती. संत्र्याने तो पूर्ण झाकला. चण्यांची उसळ दुसऱ्या दिवशी झाली.

या सगळ्यात डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला आणि दुकानातून फोन आला, कॅम्पारी आलीय. गेले, आणि दुकानातच एका ओळखीच्यांकडे उघडी बाटली आहे असं कळलं. त्यांच्याकडून औषधाच्या बाटलीत पन्नास मिली आणून दोन्ही ग्लास शेजारी शेजारी करून पाहिले. खरं सांगायचं तर कॅम्पारीचा ग्लास जास्त देखणा, लालबुंद, आणि त्याच्या वासात मला नावं न सांगता येणारे सतरा थर होते. आमच्या पाकाचा ग्लास फिकट, मधाळ रंगाचा. पण कडू-गोडाचा तोल आमच्या ग्लासात मला जास्त आवडला, आणि त्यात दारूवर आणखी दारू नव्हती. कॅम्पारी नवऱ्याला आवडली. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ४५ मिली व्हिस्की, १५ कॅम्पारी, २० लिंबू आणि १५ साधा साखरेचा पाक असं करावं. मी बाटली घेतली नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार. शाळा होती. घरी येऊन पाच वाजता लिंबं पिळली, अंडी फोडून पांढरे बलक वेगळे केले, संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या कापून ओल्या फडक्यात ठेवल्या. कृती अशी: शेकरमध्ये ६० मिली व्हिस्की, २० लिंबाचा रस, २५ कडू पाक, १५ अंड्याचा पांढरा बलक. आधी बर्फ न घालता अर्धा मिनिट जोरात हलवायचं, फेस यातच तयार होतो. या वेळी झाकण तळहाताने दाबून धरा, बर्फ नसल्याने ते नीट बसत नाही आणि उडतं. मग शेकर बर्फाने भरून आणखी दहा-पंधरा सेकंद. बाहेरून स्टीलवर दव धरलं आणि हाताला चटका बसल्यासारखं गार लागलं की थांबायचं. बर्फाचं पाणी थोडं उतरायला हवंच, त्याशिवाय पेय तिखट लागतं. गाळून ग्लासात, मिनिटभर थांबलं की फेस वर येऊन बसतो. त्यावर संत्र्याची साल, केशरी बाजू ग्लासाकडे करून, मुडपायची. तेलाचा बारीक फवारा फेसावर पडतो, दिव्याच्या उजेडात दिसतो. खोलीभर वास सुटतो.

एका शेकरमध्ये दोनच ग्लास नीट होतात. दहा जण म्हणजे ओट्याशी उभं राहणं आलं. मी आधीच व्हिस्की, लिंबू आणि पाक एका जगमध्ये एकत्र करून ठेवलं होतं, अंडं आणि बर्फ तेवढे प्रत्येक वेळी. हे तुम्हीही करा, नाहीतर रात्रभर मापंच मोजत बसाल.

शेजारच्या काकांनी पहिला घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि विचारलं, “यात कारलं आहे का हो?” दुसरा घोट घेतल्यावर पुन्हा विचारलं नाही. फक्त पाण्यातूनच पिणाऱ्या एका मित्राने, “हे सरबत आहे, मला माझी दे,” म्हणून बाटलीकडे हात केला. त्यालाही आम्ही अडवलं नाही. सरबत वाटतं हा खरा धोका आहे मात्र. आंबट-गोडाखाली साठ मिली, म्हणजे पूर्ण लार्ज पेग लपलेला असतो. पहिला ग्लास पाच मिनिटांत संपतो. मी दुसऱ्याच्या आधी जेवण वाढलं, आणि गाड्यांच्या किल्ल्या जेवणाआधीच टोपलीत गोळा केल्या होत्या.

सासूबाईंनी स्वतःसाठी वेगळं मागून घेतलं: ३० मिली कडू पाक, अर्धं लिंबू, चिमूट सैंधव, वर थंड सोडा. त्यांनी दोन ग्लास प्यायले आणि पुढे उरलेला पाक त्यांनीच संपवला. पाक फ्रिजमध्ये स्वच्छ बाटलीत तीन आठवडे चांगला राहतो. बाटलीवर नाव लिहा, तो मधासारखा दिसतो.

खर्चाचं सांगायचं तर, त्या वेळच्या भावाने व्हिस्कीचे सत्तरेक रुपये, लिंबू-अंडं-पाक-बर्फ मिळून वीस-पंचवीस, असा एका ग्लासाला शंभराच्या आत बसला. शेकर आणि परवाना वेगळे. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये ठरवली. त्यानंतर तीच बाटली अकराशेच्या पुढे गेली, म्हणजे ग्लास सव्वाशेच्या घरात. परवान्याची फी तेवढी होती तिथेच राहिली. माझा नोव्हेंबर २०२५ पर्यंतचा. हजार भरून आजीवनच घ्यावा असं नवऱ्याचं म्हणणं. वर्षाला शंभर धरले तर दहा वर्षांत वसूल होतात, तेव्हा या वेळी अर्जात तोच पर्याय निवडणार आहे. फोटो मात्र नवीन काढणार.